थकहमीवरच्या कारखान्यात साहेबांचा बोनस: कर किती जातो, कागद कुठे मिळतात, रक्कम परत कशी येते

सप्टेंबरात सांगली-साताऱ्याकडच्या साखर कारखान्यांचे वार्षिक अहवाल सभासदांच्या घरी पोचतात आणि एक ओळ हमखास बोटाखाली येते. कर्जाला शासनाची थकहमी आहे (कारखान्याने कर्ज थकवले तर सरकार भरेल ही हमी), उसाची एफआरपी, म्हणजे कायद्याने द्यायचा किमान दर, हप्त्याहप्त्याने येतेय, कामगारांचे दोन पगार अडकलेत, आणि ‘बोनस व सानुग्रह अनुदान’ या खात्यावर मात्र आकडा गेल्या वर्षीपेक्षा फुगलेला. मग मागणी होते की सरकारी मदत घेऊन साहेबांनी, म्हणजे कार्यकारी संचालक आणि खातेप्रमुखांनी, बोनस घेतला तर त्यावर नव्वद टक्के कर बसवा.

मागणी ऐकायला बरी आहे, पण ती मुंबईत करून उपयोग नाही. शेती सोडून इतर उत्पन्नावर कर लावायचा अधिकार राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत केंद्राच्या यादीत, ८२ व्या नोंदीत आहे. पगारदाराकडून राज्य सरकार घेऊ शकते तो व्यवसाय कर, आणि त्याला अनुच्छेद २७६ ने वर्षाला २,५०० रुपयांची मर्यादा घातली आहे. म्हणजे थकहमी देणारे सरकार एक आणि बोनसवर कर घेणारे दुसरे. राज्याच्या हातात राहते ती मदत देतानाची अट. सभासदाने सगळा जोर त्या अटीवर आणि सभेच्या मंजुरीवर लावायचा. कर तपासायचा तो चोरवाट सापडते का हे बघायला.

आधी कराचा हिशोब

समजा कार्यकारी संचालकांचा वर्षाचा पगार २६,७५,००० रुपये आहे. नवीन करप्रणालीत आर्थिक वर्ष २०२५-२६ साठी ७५,००० ची प्रमाणित वजावट गेली की करपात्र रक्कम २६,००,००० राहते. २४ लाखांपर्यंतच्या टप्प्यांचा कर ३,००,००० होतो, वरच्या दोन लाखांवर ३० टक्क्यांनी ६०,०००. त्यावर ४ टक्के उपकर धरून एकूण ३,७४,४००.

आता यात ६ लाखांचा बोनस घाला. तो सगळाच्या सगळा ३० टक्क्यांच्या टप्प्यात पडतो: १,८०,००० कर आणि ७,२०० उपकर, म्हणजे १,८७,२००. साहेबांच्या हातात ४,१२,८०० राहिले. एकूण उत्पन्न ५० लाखांच्या वर गेले तर अधिभार वेगळा.

इथे बहुतेक लोक थांबतात आणि ‘चला, तिसरा हिस्सा तरी सरकारात गेला’ म्हणतात. पण कारखान्याची बाजू बघा. कर्मचाऱ्याला कामाबद्दल दिलेला बोनस आयकर कायदा १९६१ च्या कलम ३६(१)(ii) खाली खर्च म्हणून वजा मिळतो. कारखान्याने सहकारी संस्थांसाठीचा २२ टक्क्यांचा पर्याय घेतला असेल तर अधिभार आणि उपकर मिळून दर २५.१६८ टक्के पडतो. सहा लाखांच्या खर्चावर कारखान्याचा कर १,५१,००८ ने कमी झाला. साहेबांकडून आलेले १,८७,२०० आणि कारखान्याला सुटलेले १,५१,००८ यांची वजाबाकी केली की तिजोरीत पडले ३६,१९२ रुपये. कारखाना तोट्यात असेल तर सूट त्याच वर्षी मिळत नाही, पण धंद्याचा तोटा आठ वर्षे पुढे ओढता येतो. फायदा नंतर येतो इतकेच.

(उसाला जादा दर दिला तर तो नफ्याची वाटणी समजून आयकर खात्याने वर्षानुवर्षे सहकारी कारखान्यांना नोटिसा काढल्या. सरकारने ठरवलेल्या किंवा मान्य केलेल्या दरापर्यंतची वजावट कायद्यात आली ती २०१५ च्या वित्त कायद्याने, आणि जुन्या वर्षांची सोय २०२३ च्या अर्थसंकल्पात झाली. साहेबांच्या बोनसला इतका वनवास कधी घडला नाही.)

नव्वद टक्क्यांचे अमेरिकेत काय झाले

हा आकडा आला तिथूनच. २००८ च्या संकटात एआयजी या विमा कंपनीला अमेरिकन सरकारने सावरले आणि मार्च २००९ मध्ये तिच्या ज्या विभागाने खड्डा पाडला त्याच विभागात सुमारे १६.५ कोटी डॉलरचे बोनस वाटल्याचे बाहेर आले. १९ मार्च २००९ ला तिथल्या प्रतिनिधीगृहाने ३२८ विरुद्ध ९३ मतांनी विधेयक मंजूर केले: ५०० कोटी डॉलरपेक्षा जास्त मदत घेतलेल्या कंपन्यांत, कुटुंबाचे उत्पन्न अडीच लाख डॉलरच्या वर असलेल्यांच्या बोनसवर ९० टक्के कर. सिनेटमध्ये ते मंजूर झालेच नाही. ठरावीक माणसांना शिक्षा म्हणून मागाहून लावलेला कर कोर्टात टिकेल का, हा आक्षेप त्यांच्या राज्यघटनेतून आला होता. उलट लोकांचा संताप आणि न्यूयॉर्कच्या महाधिवक्त्यांचा दबाव एवढ्यावर सर्वांत मोठे बोनस घेतलेल्या वीसपैकी पंधरा जणांनी पैसे परत करायचे कबूल केले.

आपल्या कामाचा भाग त्याच्या महिनाभर आधीचा आहे. फेब्रुवारी २००९ च्या कायद्यात मदत घेतलेल्या कंपन्यांतल्या बोनसवर बंधन घातलेले होते, पण ११ फेब्रुवारी २००९ पर्यंत झालेल्या करारांना सूट होती. एआयजीचे करार त्याआधीचे, त्यामुळे पैसा सुटला. अटीतली एक तारीख!

ब्रिटनने दुसरी वाट धरली. ९ डिसेंबर २००९ ते ५ एप्रिल २०१० या काळापुरता, २५,००० पौंडांवरच्या बोनसवर ५० टक्के कर, आणि तो घेणाऱ्याने नव्हे तर देणाऱ्या बँकेने भरायचा. तो वसूल झाला. पण बँकांनी बोनस थांबवले नाहीत, कर भरून वाटले.

मंजुरीचा कागद

म्हणून पहिला कागद हवा तो मदतीच्या मंजुरीचा. थकहमी, शासकीय भागभांडवल किंवा राष्ट्रीय सहकारी विकास निगमाकडून आलेले मार्जिन मनी कर्ज, यातले काहीही असले तरी सहकार, पणन व वस्त्रोद्योग विभागाचा शासन निर्णय निघालेला असतो. राज्य शासनाच्या संकेतस्थळावर विभाग आणि तारीख टाकून शोधा. प्रत्येक निर्णयाला १८ अंकी सांकेतांक असतो, तो टिपून ठेवा, पुढच्या प्रत्येक अर्जात लागतो.

निर्णय वाचताना प्रस्तावनेत वेळ घालवू नका, अटी-शर्ती उघडा. रक्कम कोणत्या कामासाठीच वापरायची, संचालकांनी वैयक्तिक आणि सामूहिक जबाबदारीचे बंधपत्र दिले का, खर्चकपातीची अट आहे का, वापराचा अहवाल कुणाला आणि किती दिवसांनी द्यायचा, हे पेन्सिलीने खुणा करून घ्या. मग कार्यकारी संचालकांच्या नेमणुकीच्या आदेशाची तारीख आणि शासन निर्णयाची तारीख शेजारीशेजारी मांडा. नेमणूक आधीची आणि तिच्यात ‘दरवर्षी दोन पगार बक्षीस’ असे कलम असेल, तर एआयजीसारखीच सबब पुढे येणार हे धरून चाला.

सभेची मंजुरी: कलम ६५ कुठे चालते, कुठे नाही

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम ६५ प्रमाणे निव्वळ नफ्यातला कोणताही हिस्सा, मग तो लाभांश असो, बोनस असो की मानधन, वार्षिक सर्वसाधारण सभेच्या मंजुरीशिवाय वाटता येत नाही. तोट्यातल्या कारखान्यात नफाच नाही, तर नफ्यातून वाटप कसले? एवढा मुद्दा सभेत पुरतो.

पण हुशार हिशोबनीस बोनस नफ्यातून दाखवतच नाही. तो नफा-तोटा पत्रकाच्या खर्चाच्या बाजूला, पगाराच्या पोटात बसवतो. मग संचालक मंडळाचा ठराव पुरतो असे उत्तर येते, आणि ते सरसकट चूक म्हणता येत नाही. अशा वेळी कलम ६५ वर भांडत बसू नका. पोटनियमात पगार-भत्ते ठरवण्याचा अधिकार कुणाला, किती मर्यादेपर्यंत आहे ते काढा आणि शासन निर्णयातली अट त्याच्या शेजारी ठेवा.

कामगारांचा बोनस यात मिसळू देऊ नका. तो कायद्याचा आहे: किमान ८.३३ टक्के, कमाल २० टक्के. १९६५ च्या बोनस कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने महिना २१,००० पर्यंत पगार असणाऱ्यांनाच तो हक्क होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून ही तरतूद वेतन संहितेत गेली. तोटा असला तरी किमान बोनस द्यावाच लागतो. दोन लाख पगाराच्या माणसाला दिलेल्या रकमेला ‘बोनस’ म्हटले तरी ती सानुग्रह रक्कमच, आणि हे दोन आकडे एका खात्यात टाकले की सभेत कामगार आणि सभासद एकमेकांवर घसरतात. सर्वांत आधी मागायची ती या खात्याची फोड.

प्रश्न लेखी द्या, पोटनियमात जितके दिवस आधी म्हटले असेल तितके दिवस आधी, आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. मजकूर असा चालतो:

‘सन २०२४-२५ मध्ये कार्यकारी संचालक व खातेप्रमुख यांना मूळ पगार व महागाई भत्ता सोडून, इतर कोणत्याही नावाने दिलेली एकूण रक्कम हुद्द्यानुसार किती? ती कोणत्या तारखेच्या कोणत्या ठरावाने दिली? नफा-तोटा पत्रकात ती कोणत्या खात्यावर आहे? तिच्यावर करकपात पगार म्हणून झाली की फी म्हणून?’

‘बोनस दिला का’ असे कधीच विचारू नका. ‘नाही’ असे खरे उत्तर येईल, कारण खतावणीत त्याचे नाव दुसरेच असेल.

सभेची वाट न बघता कलम ३२ खाली कार्यालयात जाऊन लेखापरीक्षित ताळेबंद, नफा-तोटा पत्रक, सर्वसाधारण सभेची आणि संचालक मंडळाचीही इतिवृत्ते मोफत पाहता येतात. लेखी मागणी करून नियमातली फी भरली की महिन्याच्या आत प्रत द्यावी लागते. ‘मंडळाचे इतिवृत्त गोपनीय आहे’ असे टेबलावरून सांगतात. कलमाची छापील प्रत सोबत ठेवा. पगारपत्रक मात्र या कलमात येत नाही. त्यासाठी अडून बसलात तर हातची इतिवृत्तेही त्या दिवशी राहून जातात.

माहिती अधिकार कुणाकडे

सहकारी संस्थेकडे थेट माहिती अधिकाराचा अर्ज टाकला की परत येतो. सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबर २०१३ च्या थलप्पलम सेवा सहकारी बँकेच्या निकालात अशा संस्था केवळ सहकार निबंधकाची देखरेख आहे म्हणून सार्वजनिक प्राधिकरण ठरत नाहीत असे म्हटले. त्याच निकालात उघडी राहिलेली वाट अशी की निबंधकाला कायद्याने मिळवता येणारी माहिती निबंधकाकडून मागता येते. कारखान्यांसाठी हा माणूस म्हणजे साखर आयुक्त, साखर संकुल, शिवाजीनगर, पुणे, आणि त्यांच्या हाताखालचे प्रादेशिक सहसंचालक. सांगली जिल्ह्याचे कारखाने कोल्हापूरच्या कार्यालयाकडे आहेत, साताऱ्याचे पुण्याकडे. कराडचा अर्ज जवळ म्हणून कोल्हापूरला टाकला की तो पुण्याला वर्ग होण्यात दिवस जातात.

१० रुपयांचा कोर्ट फी स्टँप, एकच विषय, मजकूर १५० शब्दांत. मागायच्या तीन गोष्टी: मंजुरी आदेशाची अटींसह प्रत, अटींच्या पूर्ततेचे कारखान्याने दिलेले अहवाल, आणि लेखापरीक्षण अहवालात वेतन, बोनस, सानुग्रह अनुदान, मानधन यांवर आलेले शेरे, त्यांच्यावरच्या दोषदुरुस्ती अहवालासह. लेखापरीक्षकाच्या शेऱ्यांवर सहकार अधिनियमाच्या कलम ८२ खाली संचालक मंडळाने तीन महिन्यांत नमुना ‘ओ’ मध्ये खुलासा द्यायचा असतो. हा नमुना मागायला बहुतेक जण विसरतात, आणि कबुली सापडते ती नेमकी त्यातच.

साहेबांचे आयकर विवरणपत्र मात्र मागू नका. ते वैयक्तिक आहे हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्येच गिरीश देशपांडे प्रकरणात सांगितले आहे, आणि त्या एका मागणीच्या जोरावर अख्खा अर्ज फेटाळला जातो. नाव न घेता हुद्दा आणि एकूण रक्कम मागा.

करकपात कुठे फसते

बोनस हा पगारच, त्यामुळे त्यावर कपात आयकर कायद्याच्या कलम १९२ ने, साहेबांच्या वर्षाच्या सरासरी दराने. वरच्या उदाहरणात बोनस धरून वर्षाचा कर ५,६१,६०० आहे. तो त्या वर्षाच्या १२ महिन्यांत बसला पाहिजे. कापलेली रक्कम पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत, मार्चची ३० एप्रिलपर्यंत भरायची. कापलीच नाही तर महिना १ टक्का व्याज, कापून भरली नाही तर दीड टक्का. हे व्याज कारखाना भरतो, म्हणजे शेवटी ऊसवाला. १ एप्रिल २०२६ पासून आयकर अधिनियम २०२५ लागू असल्याने कलमांचे आकडे बदलले. २०२५-२६ पर्यंतच्या रकमांना मात्र ही जुनीच कलमे लागतात.

नेहमीची वाट अशी: बोनसला ‘सल्ला फी’ म्हणायचे आणि कलम १९४जे खाली १० टक्के कापायचे. ६ लाखांवर ६०,००० कापले, बाकीचे साहेबांच्या विवरणपत्रावर सोडले. एकाच माणसाचे नाव पगाराच्या २४क्यू विवरणात आणि फीच्या २६क्यू विवरणात दिसले की समजायचे. दुसरी वाट तसलमातीची: रक्कम ‘कर्मचारी उचल’ म्हणून ताळेबंदाच्या येणे बाजूला पडून राहते, दोन-तीन वर्षांनी बुडीत धरून खर्ची घालतात, आणि त्या वर्षी तिच्याकडे कुणाचे लक्ष नसते. ताळेबंदाची मागची तीन वर्षे ओळीत ठेवून येणे रकमा जुळवल्या की ती उघडी पडते. अध्यक्षांचे मानधन पगारात मोडत नाही. तिथे करकपात न शोधता कलम ६५ चा ठराव शोधा.

टॅक्स ऑडिटचा ३सीडी नमुना हाती लागला तर तीन रकाने बघा. २० मध्ये नफ्याऐवजी दिलेला बोनस, २६ मध्ये तरतूद केलेला पण न दिलेला बोनस, ३४ मध्ये करकपातीतल्या चुका. विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत प्रत्यक्ष न दिलेला बोनस कलम ४३बी मुळे त्या वर्षी वजा मिळत नाही.

कारखाना कंपनी असेल तर

वाळवा-कराड पट्ट्यात खासगी कारखानेही आहेत, आणि तिथे सहकार कायदा चालत नाही. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १९७ ने संचालकांचा एकूण मोबदला निव्वळ नफ्याच्या ११ टक्क्यांवर बांधला आहे, एका व्यवस्थापकीय संचालकाला ५ टक्के. नफा नसेल किंवा अपुरा असेल तर अनुसूची ५ लागते: परिणामकारक भांडवल उणे किंवा ५ कोटींखाली असल्यास वर्षाला ६० लाख, ५ ते १०० कोटींना ८४ लाख, आणि विशेष ठरावाने दुप्पट. कंपनीने बँकेची देणी थकवलेली असतील तर सभेआधी बँकेची परवानगी लागते. मर्यादेबाहेर घेतलेली रक्कम कलम १९७(९) प्रमाणे दोन वर्षांच्या आत परत करायची असते.

मात्र हे सगळे पब्लिक कंपनीला. नावात ‘प्रायव्हेट लिमिटेड’ असेल तर कलम १९७ गळाले. मग कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर १०० रुपये भरून आर्थिक पत्रके उघडा आणि संबंधित पक्षांच्या व्यवहारांची टीप वाचा. प्रमुख अधिकाऱ्यांचा मोबदला तिथे असतो.

परत घेताना

सहकारी कारखान्यात नियमबाह्य दिलेली रक्कम सहकार अधिनियमाच्या कलम ८८ खाली जबाबदार माणसांवर निश्चित करून व्याजासह वसूल होते. त्याआधी लेखापरीक्षण, कलम ८३ ची चौकशी किंवा कलम ८९अ ची तपासणी झालेली लागते आणि घटना मागच्या पाच वर्षांतली असावी लागते. कलम ८३ साठी सभासदांचा अर्ज करायचा तर एक पंचमांश सह्या हव्यात. २०,००० सभासदांच्या कारखान्यात ४,००० सह्या गोळा करण्यात हंगाम निघून जातो. त्यापेक्षा नमुना ‘ओ’ आणि शासन निर्णयातली मोडलेली अट जोडून प्रादेशिक सहसंचालकांकडे कलम ८९अ च्या तपासणीची मागणी करा.

पुढच्या वर्षांसाठी सभेत ठराव मांडायचा तर रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१९ मध्ये खासगी बँकांना घातलेले नियम नमुना म्हणून चांगले आहेत: वरिष्ठांच्या बदलत्या मोबदल्याचा किमान ६० टक्के भाग पुढच्या वर्षांत विभागून द्यायचा आणि गडबड निघाली तर परत घ्यायचा. आपल्या भाषेत एवढेच लिहा: ‘थकहमीचे कर्ज फिटेपर्यंत आणि हंगामाची एफआरपी पूर्ण दिली जाईपर्यंत कार्यकारी संचालक व खातेप्रमुखांना पगाराव्यतिरिक्त कोणत्याही नावाने रक्कम देऊ नये; जुन्या करारांनाही ही अट लागू राहील.’ शेवटचे सहा शब्द गाळायचा आग्रह होईल.

एवढे करून साहेब रक्कम परत द्यायला तयार झाले तर त्यांच्या कराचा प्रश्न उभा राहतो, आणि तो न सोडवल्याने कबूल झालेले पैसे अडकतात. देय झालेला पगार नंतर स्वखुशीने सोडला तरी कर लागतोच. १९६१ च्या पगार-समर्पण कायद्याची सूट आहे ती केंद्र सरकारकडे जमा केलेल्या रकमेला. कारखान्याला परत दिलेल्याला नाही. म्हणून ठरावात ‘स्वेच्छेने परत’ असे लिहू नका. ‘अमुक अट मोडून, अधिकार नसताना दिलेली रक्कम वसूल’ असे लिहा, म्हणजे ती मुळात देय नव्हतीच असे मांडायला साहेबांच्या सीएला आधार राहतो. आणि वसुली ३१ मार्चच्या आत झाली तर कारखान्याला त्याच वर्षाच्या शेवटच्या तिमाहीत पगार आणि करकपात दुरुस्त करता येते. एप्रिल उजाडला की फॉर्म १६, सुधारित विवरणपत्र आणि परताव्याची वाट, सगळे साहेबांच्या गळ्यात पडते. ही तारीख त्यांना फेब्रुवारीतच सांगून ठेवा.